गोधडीखालचे ठोकळे

नव्या पुलाचं काँक्रीट धरून ठेवणारे टेकू काढायच्या दिवशी त्याच पुलाखाली बसून जेवायचं, ही आमच्या कंपनीची रीत. युद्धानंतर अध्यक्षांनी पहिला पूल बांधला, तेव्हा लोक त्यावर पाय ठेवायला तयार नव्हते. आधीचे सगळे पूल त्यांनी कोसळताना पाहिले होते. मग अध्यक्ष मजुरांना घेऊन पुलाखाली बसले आणि पूजेला मांडलेलं डुकराचं मुंडकं, भात, तांदळाची दारू असं सावकाश जेवले. नोकरीच्या पहिल्याच दिवशी ही गोष्ट मला तिघांनी ऐकवली. प्रत्येकाच्या गोष्टीत दारू वाढत गेली होती.

इंजेच्या खोऱ्यातल्या पुलावर काँक्रीट तपासणं माझ्याकडे होतं. स्लॅब ओतताना त्याच काँक्रीटचे गोल ठोकळे पाडायचे आणि पुलाशेजारीच पेंढ्याखाली ठेवायचे, म्हणजे पुलाला लागेल तेवढीच थंडी त्यांनाही लागते. टेकू काढण्याआधी ते यंत्रात फोडून ताकद बघायची. त्या हिवाळ्यात बादलीतल्या पाण्याचा सकाळी दगड व्हायचा. काँक्रीट गोठलं की वरून वाळल्यासारखं दिसतं, आतून कच्चं राहतं. तरीही टेकू काढायच्या आदल्या दिवशी फोडलेले ठोकळे उन्हाळ्यातल्यांपेक्षा भक्कम निघाले होते.

"मला हे पटत नाहीये, साहेब," मी साइटप्रमुख ग्वाक साहेबांना म्हणालो.

"यंत्र बिघडलंय?"

"नाही."

"मग तू बिघडलायस. सॉल, तुझी थंडी पुस्तकात पडते. उद्या अध्यक्ष येतायत. मुंडकं आणायला माणूस गेलासुद्धा."

सकाळी मधल्या टेकूंच्या पाचरी सैल करायला सुरुवात झाली. खाली चटया अंथरल्या होत्या. वाट्या आणायला मी सुनचॉनमावशींच्या खोलीवर गेलो. साइटवर स्वयंपाक करणाऱ्या या बाई सुनचॉनच्या, म्हणून सगळे त्यांना तसंच हाक मारायचे. त्यांचा मुलगा कंपनीच्याच कामावर अरबस्तानात होता. तरी रोज त्याच्या नावाचा भात झाकून त्या चुलीच्या बाजूला, जमिनीखालून चुलीचा धूर फिरतो म्हणून जिथे जमीन सर्वांत ऊन असते तिथे, गोधडीखाली ठेवायच्या. बाहेरगावी असलेल्या माणसाचा भात आमच्याकडे असाच राखतात.

मावशींनी गोधडी उचलली. भाताच्या वाटीशेजारी जमिनीवर चिकटवलेल्या पिवळ्या तेलकागदावर राखाडी वर्तुळं उमटली होती, एकाला एक लागून. त्यांचा व्यास मला मोजावा लागला नाही.

"मावशी, इथे काय ठेवलं होतं?"

"तुझी लेकरं, दुसरं काय," त्या हसल्या. "तूच म्हणालास ना, पुलाचं सगळं यांच्यावर आहे म्हणून. आणि ठेवलीस कुठे, तर उघड्यावर पेंढ्यात. हिवात कुडकुडून कुणी धट्टंकट्टं होतं का? रोज अंधार पडला की आणायचे, तू उठायच्या आत परत."

"सगळी?"

"एकाला मागे ठेवून झोप लागली असती का?"

मी धावलो. पाचरींवर पडणारे घण लांबून ऐकू येत होते आणि प्रत्येक घावानंतर मी पुढच्या आवाजाची वाट बघत होतो, कोणता ते मला ठाऊक होतं. स्लॅबच्या कडेची फळी निघाली होती, तिथे मी काँक्रीटवर खिळा दाबून ओढला. खडूत जावा तसा तो आत गेला.

ग्वाक साहेब पूजेच्या मुंडक्यासमोर मेणबत्ती लावत होते. मी खिळ्याने निघालेली भुकटी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि मावशींनी काय केलं ते सांगितलं. त्यांनी ती चिमटीत चोळली. ओली होती.

"ओरडू नकोस," ते हळू म्हणाले. "पळापळीत एखाद्याचा धक्का जरी टेकूला लागला..." मग नेहमीच्या आवाजात मजुरांना म्हणाले, "घण खाली ठेवा. हाताने ठेवा, टाकू नका. अध्यक्षांची गाडी येईल, सगळे रस्त्यावर जाऊन उभे राहा."

"मग तुमची टोपी सरळ करा साहेब," कुणीतरी म्हणालं.

"करतो. तू चल."

सगळे गेले. मधली रांग सैल होती आणि ती परत आवळल्याशिवाय पूल तसाच सोडता येत नव्हता. घणाने हादरा बसला असता, म्हणून साहेबांनी लाकडी हातोडी घेतली आणि मी पाचरी धरल्या. पूल वाकतोय का ते कळावं म्हणून स्लॅबच्या पोटाखाली मी दोरी ताणली होती. सकाळी दोरी आणि काँक्रीटमध्ये बोट जात होतं. आता नखही जात नव्हतं.

"काय म्हणते दोरी?"

"टेकलीये, साहेब."

"बघू नकोस तिकडे."

पण मला दुसरीकडे बघताच येत नव्हतं. डोक्यावर किती टन आहेत हे मला माहीत होतं, आणि तरी मी खांदा वर उचलून धरला होता, जणू त्याने काही झालं असतं. लाकूड करकरलं. मानेवर बारीक धूळ पडली. साहेब थांबले, मीही श्वास धरला, मग पुन्हा हलका ठोका. शेवटच्या पाचरीला त्यांचा हात चुकला आणि हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली. मला दुखलंसुद्धा नाही.

बाहेर आलो तेव्हा अध्यक्ष समोर उभे होते. त्यांच्या मागे मावशी, एप्रनचं टोक तोंडात कोंबून. कुणीतरी मावशींना सांगितलं होतं. ग्वाक साहेबांनी कमरेत वाकून सगळं सांगितलं आणि म्हणाले, "चूक माझी. पोरगा काल बोलला होता."

अध्यक्ष खाली वाकून पुलाच्या पोटाकडे बघत राहिले.

"पहिल्या पुलाखाली बसलो ना, तेव्हा तो टिकेल की नाही मला माहीत नव्हतं. हात इतका थरथरत होता की चमचा वाटीवर वाजेल म्हणून हळूहळू खात होतो. लोक म्हणाले, काय सावकाश जेवतोय, काय धीर आहे." ते सरळ झाले. "चटया बाहेर घ्या. वसंतापर्यंत टेकूंना हात लावायचा नाही."

चटया आत होत्या. त्या आणायला कुणी गेलं नाही. अध्यक्षांनीही पुन्हा सांगितलं नाही.

आम्ही गोठलेल्या नदीच्या काठावर उभ्यानेच जेवलो. मावशींनी गोधडीखालची वाटी माझ्या हातात दिली. भात अजून ऊन होता. पुलाकडे पाठ करून कुणीच उभं नव्हतं. मधूनच तिकडे एखादं लाकूड करकरायचं, आणि सगळ्यांची तोंडं एकदम चावायची थांबायची.