गोल कोपऱ्यांची पट्टी

बाइंडरकाका अठ्ठावन्न वर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जन्मनोंदीचं जुनं रजिस्टर दुकानात बांधणीला आलं आणि आपल्याच जन्माचं साल बघून त्यांनी गंमत म्हणून स्वतःची नोंद काढली. नसती उठाठेव! आईवडिलांच्या रकान्यांवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि दोघांची नावं त्या पट्टीवर लिहिलेली होती. पट्टीचे कोपरे गोल कापलेले होते.

टोकदार कोपरा लवकर उचकटतो, म्हणून तो गोल कापायची सवय एकट्या वडिलांची. दुकान त्यांचंच; त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. म्हणजे हे रजिस्टर एकदा त्यांच्याही हाताखालून गेलं होतं. झाकलंय ते झाकलेलंच राहू दे, असं मन बजावत होतं, पण हाताने तोवर ओला बोळा पट्टीवर ठेवलासुद्धा.

पाच मिनिटांत पट्टी अलगद सुटली. सुटणारच. एकाने केलेलं काम पुढच्या बाइंडरला सोडवता आलं पाहिजे, म्हणून वडील जन्मभर पिठाची साधी खळच वापरत आले. सरस लावला असता तर पान फाटलं असतं आणि गुपित टिकलं असतं. एवढी मोठी लबाडी केली, तीसुद्धा प्रामाणिकपणे!

खाली आईच्या रकान्यात मावशीचं नाव होतं. वडिलांच्या रकान्यात नुसती रेघ.

मावशी लग्न न करता काकांच्याच घरात राहिली, त्यांचे डबे भरत, कपडे इस्त्री करत म्हातारी झाली. काका तिच्याशी कधी धड दोन शब्द बोलले नव्हते. हल्ली ती विसरायची, भलतंच काही बोलायची. हिला वृद्धाश्रमात ठेव, असा आईने महिनाभर धोशा लावला होता. फॉर्मवर सही काकांचीच होती, आणि न्यायला गाडी आज चारला येणार होती. साडेतीन वाजले होते.

दुकान उघडं टाकून ते घरी धावले. मावशी पायात चपला घालून, पिशवी घेऊन दाराशी बसली होती.

"मावशी कुठेही जाणार नाही," काका धापा टाकत म्हणाले.

"का? काल तर हो म्हणालास," आई म्हणाली.

काकांनी खिशातून ओली पट्टी काढून टेबलावर ठेवली. आईने ती वाचलीही नाही. गोल कोपरे बघितले आणि मटकन खुर्चीत बसली.

"तिच्या तोंडून निघून जाईल म्हणून पाठवत होते रे," ती म्हणाली. "तुला कळलं तर तू मला आई म्हणणार नाहीस. या धास्तीने दोन वर्षं डोळ्याला डोळा नाही."

काकांना खूप रागवायचं होतं. पण दोघींपैकी कुणाकडे बघावं, याचीच त्यांना भीती वाटत होती.

बाहेर हॉर्न वाजला. मावशी पिशवी घेऊन उठली. आज तिला सगळं लख्ख आठवत होतं.

"ताई, घाबरू नकोस," ती म्हणाली. "एकदा दिलेलं मी परत मागत नाही."

काकांनी दाराला आतून कडी घातली आणि पाठ टेकून उभे राहिले. दोन्ही म्हाताऱ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, आता हा आई कुणाला म्हणतो म्हणून.