मुद्दाम न केलेली चूक

साठीला टेकल्यावर आईने विद्यापीठात नाव घातलं, आणि दुसऱ्या वर्षापासून ती आपल्याच वर्गातल्या मुलांना गणित आणि प्रोग्रॅमिंग शिकवू लागली. मुलं तिला मावशी म्हणत. जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर तिने फळा ठोकून घेतला होता. प्रत्येक उदाहरणात ती मुद्दाम एक चूक पेरायची आणि कुणी पकडेपर्यंत साळसूदपणे पुढे जायची. पकडणाऱ्याला शाबासकी नसे. "इतका वेळ झोपा काढत होतास का?" एवढंच.

होयबाने कधीच चूक पकडली नव्हती. हे नावही आईनेच ठेवलेलं, कारण ही मुलगी बरोबर पायरीला मान डोलवायची तशीच चुकीच्या पायरीलाही. अल्गोरिदमच्या पेपरात ती दोनदा नापास झाली होती. आता शेवटची संधी होती. हीही गेली तर प्रवेश रद्द.

आई गेल्यानंतरच्या आठवड्यात मी तिचं कपाट आवरत होते, तेव्हा होयबा पुस्तकं परत करायला आली. सोमवारी पेपर आहे पण मी बसणार नाही, म्हणाली. मावशी असत्या तर गोष्ट वेगळी होती. मी तिला आत बसवलं. माझं पोटच प्रोग्रॅमिंगवर चालतं, तासभर शिकवणं मला हातचा मळ वाटला. शिवाय कपाटापासून तेवढीच सुटका.

क्रमाने लावलेल्या आकड्यांतून एक आकडा शोधायचा होता. मधलं घर बघायचं. हवा तो आकडा तिथल्यापेक्षा मोठा असेल तर डावा अर्धा भाग सोडायचा, लहान असेल तर उजवा, आणि उरलेल्यात पुन्हा तेच. मी झरझर लिहीत गेले. मागे मान डोलत होती. मग ती डोलायची थांबली.

"ताई, चौथं आणि पाचवं, अशी दोनच घरं उरली तर?"

"तरी मधलंच काढायचं."

"चार आणि पाच नऊ, निम्मे साडेचार, अपूर्णांक सोडला की चार. समजा आपला आकडा पाचव्या घरात आहे. तुम्ही लिहिलंय, डावी हद्द मधल्या घरावर आणा. ती तर चारवरच आहे. म्हणजे पुन्हा चार आणि पाच." तिने माझ्याकडे पाहिलं. "हा जन्मभर तिथेच घुटमळत बसेल."

मी फळा वरपासून वाचला. तिचं बरोबर होतं.

ती हसली. मावशींच्याच लेक तुम्ही, कुठेतरी पेरली असणार हे मला वाटलंच होतं, म्हणाली.

हो म्हणणं सोपं होतं. आई अशा वेळी काय म्हणाली असती, ते विचारायची सोय राहिली नव्हती.

"पेरली नव्हती," मी म्हटलं. "चुकलेच मी."

"खरंच? तुमच्या कामातही असं चुकतं?"

"चुकतं. मग कुणीतरी पकडतं."

ती उठली, माझ्या हातातला खडू घेतला आणि डावी हद्द मधल्याच्या पुढच्या घरावर नेली. चौथं-पाचवं पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्या-चौथ्यावरही करून पाहिलं. कुठेच अडकलं नाही.

"आता पुढचं घेऊ," ती म्हणाली. "सोमवारी याहून अवघड येईल. आणि ताई, जरा सावकाश सांगा, लिहिते मी."