लाकडी वेलांट्या

मिस्त्रींनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. कामावर त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणायचे आणि लग्नानंतर बायकोनंही तेच नाव उचललं. बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका हुडकायच्या आणि त्यांवर लाल शाईनं खुणा करायच्या, हे तिचं काम. इमारतीत तिला तपासनीसबाई म्हणत. पुढे पुढे नुसतंच बाई.

त्यांच्या संसारात भांडण असं एकाच गोष्टीवरून व्हायचं. मिस्त्री सकाळी निघताना चिठ्ठी लिहून ठेवायचे, ‘आज पाणि येणार नाहि.’ संध्याकाळी परत यावं तर चिठ्ठी टेबलावरच, लाल खुणांनी भरलेली.

“अहो मिस्त्री, पाणी आधीच कमी येतं. त्यात तुम्ही त्याला ऱ्हस्व करून ठेवलंत.”

“मी माणसं वर-खाली नेतो. वेलांटी इकडची तिकडे झाली म्हणून कुणी मेलं का?”

“मेलं नाही. पण मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.”

दोघं निवृत्त झाली तरी बाईंचं लाल पेन सुटलं नाही. रोज सकाळी चहाबरोबर पेपर आणि हातात पेन. अशाच एका सकाळी मथळ्यावर टेकलेलं ते पेन पानभर खाली घसरत गेलं आणि बाई खुर्चीतच एका अंगावर कलल्या.

अकरा दिवसांनी त्या घरी आल्या. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला होता आणि बोलणं गेलं होतं. एकच शब्द तेवढा मागे राहिला होता, ‘बरं.’

“चहा देऊ?”

“बरं.”

“दुखतंय का कुठे?”

“बरं.”

“मी कोण सांग?”

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, “बरं.”

बोलण्याचा सराव करून घ्यायला आठवड्यातून दोनदा एक थेरपिस्ट मुलगी येऊ लागली. तिनं चित्रं दाखवली, टाळ्या वाजवून घेतल्या, गाणी म्हणून पाहिली. मग एक दिवस मिस्त्रींना म्हणाली, “काका, अक्षरांचे आकार हाताला लागू देत. जाड, मोठी अक्षरं. कधीकधी हातातून आठवतं. कधीकधी म्हणतेय हं मी.”

मिस्त्रींनी ते ‘कधीकधी’ ऐकलं आणि त्याकडे कानाडोळा केला. दुपारीच बाजारात जाऊन प्लास्टिकच्या अक्षरांचा डबा आणला. घरी उघडून बघतात तर ‘श’ची गाठ गायब, ‘ल’ कुबडा, ‘झ’ तर ओळखूच येत नव्हता. बाईंनी असला डबा खिडकीतून फेकून दिला असता. त्यांनी झाकण लावलं आणि डबा कपाटावर टाकला.

कोपऱ्यावर तसबिरींना चौकटी करून देणारी एक फ्रेमवाली होती. तिच्या दुकानात लाकडी नावपाट्याही होत्या, नक्षीसारख्या कापलेल्या. मिस्त्रींनी तिला विचारलं, “अशी अक्षरं कापून द्याल?”

“देईन की. पण तुम्हाला पाहिजेत सगळी बाराखडी, त्यात दहा वेळा बदल सांगाल. त्यापेक्षा स्वतःच का नाही कापत? माझं जुनं मशीन पडून आहे, घेऊन जा.”

ते मशीन म्हणजे स्क्रोल सॉ. टेबलावर बसेल एवढं. लोखंडी पाट, त्यावरून पुढे आलेला लांब हात आणि हाताच्या टोकापासून खालपर्यंत ताणलेलं, दोऱ्यासारखं बारीक पातं. बटण दाबलं की पातं जागच्या जागी खाली-वर करतं आणि आपण लाकूड फिरवून रेघ कापायची. मिस्त्रींना ते बघूनच हसू आलं. ज्या माणसानं टनावारी वजनाच्या लिफ्ट तारांवर टांगल्या, त्यानं हे खेळणं चालवायचं!

खेळण्यानं पहिल्याच दिवशी त्यांची सात पाती मोडली.

“जोर लावताय,” फ्रेमवाली म्हणाली. ती शिकवायला घरी आली होती आणि गॅलरीत स्टूल टाकून बसली होती. “आयुष्यभर पान्यानं नट पिळलेत, ती सवय सोडा. लाकूड खाली दाबून धरा, नाहीतर पात्याबरोबर उड्या मारेल. पुढे मात्र ढकलायचं नाही. पात्याला जेवढं खाता येतं तेवढंच भरवा.”

“आणि रेघ सोडून पळतंय ते?”

“ते पळणारच. प्रत्येक पातं एका अंगाला ओढतं. त्याचा कल बघा आणि लाकूड तेवढं तिरपं धरा. नव्या नवरीसारखं समजून घ्यावं लागतं.”

“आमच्या वेळी नवरीनं मला समजून घेतलं,” मिस्त्री म्हणाले आणि आत बघितलं. बाई दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. मशीनच्या घरघरीकडे त्यांचं लक्ष होतं की नाही, कळत नव्हतं.

मिस्त्री रोज सकाळी बाईंचं आवरून झालं की गॅलरीत बसायचे. पात्याचे दात खाली बघताहेत ना ते बघायचं, पातं ताणायचं, बोटानं छेडून टण असा आवाज येतो का ऐकायचं. कागदावर काढलेलं अक्षर प्लायवर चिकटवायचं, नाकावर फडकं बांधायचं आणि सुरुवात. फ्रेमवालीनं सांगितलं होतं, आधी पोट नसलेली अक्षरं घ्या. म्हणून त्यांनी ‘ट’ घेतला, ‘र’ घेतला, ‘ड’ घेतला. पहिला ‘ट’ चावल्यासारखा झाला, पाचवा बऱ्यापैकी जमला.

मग ‘प’ आला. मिस्त्रींनी बाहेरूनच पातं आत घातलं आणि शिरोरेघ कापत पोटात शिरले. अक्षराचं डोकं फुटलं. फ्रेमवाली कपाळाला हात लावून म्हणाली, “अहो, आतलं कापायचं तर आधी ड्रिलनं भोक पाडायचं, पातं वरून सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा अडकवायचं, पुन्हा ताणायचं. प्रत्येक पोटाला हे सगळं.”

‘ळ’ला दोन पोटं. ‘क्ष’ला किती, ते मोजेपर्यंत पातं मोडलं. अनुस्वार तर कापून सुटला की टणकन उडायचा. पहिले तीन अनुस्वार कुठे गेले ते कधीच सापडलं नाही.

दीड महिन्यात अक्षरं झाली. संध्याकाळी त्यांची मुलगी यायची. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि सुटली की थेट आईकडे यायची. बाबांच्या भुवयांवरचा भुसा झटकत ती म्हणायची, “छान झालीत हो बाबा.” आईबद्दल ती फारसं बोलायची नाही.

मिस्त्री एकेक अक्षर बाईंच्या डाव्या हातात द्यायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, “क. कमळाचा क.” बाई अंगठा फिरवायच्या, अक्षर ताटलीत ठेवायच्या. पुढचं. अंगठा, ताटली. असे कितीतरी दिवस गेले.

एक दिवस त्यांनी ‘ळ’ दिला. बाईंचा अंगठा थांबला. कपाळाला आठी पडली. त्यांनी ‘ळ’ मिस्त्रींच्या पुढे धरला, मान हलवली आणि म्हणाल्या, “बरं.” पण तो स्वर! छापखान्यातला कुणी चुकीचं पान घेऊन आला की बाई याच स्वरात म्हणायच्या, हे काय आणलंय?

मिस्त्रींनी ‘ळ’ उजेडात धरला. खरंच चुकला होता. उजवं पोट डाव्यापेक्षा मोठं झालं होतं. त्यांनी मुलीला दुकानात फोन केला, “अगं, आईनं चूक काढली! माझा ‘ळ’ नापास केला!”

मुलगी त्या दिवशी लवकर आली. तिनं ‘ळ’ हातात घेतला, उलटा केला, कडेवरून बोट फिरवलं.

“बाबा.”

“काय?”

“इथे कुसळ आहे. टोचलं असेल तिला.”

मिस्त्रींनी पॉलिश पेपर घेतला आणि कड घासली. उजवं पोट मोठंच होतं, तसंच ठेवलं. अक्षर पुन्हा बाईंच्या हातात दिलं. बाईंनी अंगठा फिरवला आणि ‘ळ’ ताटलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम दोन अक्षरं दिली. एक वेडंवाकडं पण गुळगुळीत, दुसरं हुबेहूब पण कडेला खरखरीत. बाईंनी हुबेहूब होतं ते परत केलं. त्यांच्या अंगठ्याला सगळं कळत होतं. डोळ्यांना अक्षर म्हणून काहीच कळत नव्हतं.

तरी मिस्त्रींनी मनाची समजूत घातली. बाई आयुष्यात सुट्या अक्षरांच्या मागे कधी लागल्या होत्या? त्या शब्द तपासायच्या. एखादा शब्द समोर आला तर कदाचित.

म्हणून त्यांनी वेलांट्या कापायला घेतल्या. आधी एक कापली, नीट घासली. दुसरीसाठी कागदावर नवी आकृती काढायला बसले आणि सहज हातातली उलटून बघितली. पहिली वेलांटी उलटी केली की तीच दुसरी होत होती. ते बघतच राहिले. जे बाईंनी तीस वर्षं सांगून त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते लाकडाच्या तुकड्यानं एका क्षणात दाखवलं. सांगायला म्हणून ते वळले. बाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचे केस विंचरून झाल्यावर त्यांनी त्यांच्यापुढे पाट ठेवला आणि त्यावर शब्द मांडला. पाणि. ठसठशीत, प्रत्येक कड रेशमासारखी घासलेली. टोचायला कुठे काही ठेवलं नव्हतं. मग स्टूल ओढून समोर बसले.

बाईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डावा हात उचलला आणि सरळ वेलांटीवर ठेवला.

मिस्त्री स्टुलावरून पुढे झुकले.

बाईंनी वेलांटी उचलली, अंगठा वरून खाली फिरवला, परत वर नेला. कुठेच काही लागलं नाही. त्यांनी ती पाटावर खाली ठेवून दिली, अशीच, आडवी.

“बरं.”

मिस्त्रींनी ती उचलली, उलटी केली, ‘ण’च्या उजव्या अंगाला लावली. “हे बघ. पाणी. दुसरी. आता बरोबर आहे ना?”

“बरं.”

त्यांनी पुन्हा काढून डावीकडे लावली. “आणि आता?”

“बरं.”

“अगं, पहिली लावलीय मी! पाण्याला पहिली! एकदा तरी रागाव माझ्यावर.”

त्यांचा आवाज चढला होता. बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि दारी आलेल्या अनोळखी माणसाकडे बघून हसावं तशा सभ्यपणे हसल्या.

मिस्त्री उठून गॅलरीत गेले. मशीन सुरू केलं आणि पात्याखाली काहीच न घालता ते चालू देऊन उभे राहिले. त्या आवाजात त्यांचं रडणं आत ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

त्या आठवड्यात थेरपिस्ट आली तेव्हा त्यांनी आडवळण न घेता विचारलं, “तिला वाचता येईल का परत?”

थेरपिस्टनं पिशवीचा बंद हातावर गुंडाळला, सोडला. “नाही येणार, काका. मीच हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तुम्ही इतकं मन लावून करत होतात, की धीर झाला नाही.”

“मग तुम्ही येता ते?”

“आता नाही आले तरी चालेल.”

तिला दुसरा एक पेशंट होता, तिशीतला, हळूहळू शब्द जुळवायला लागलेला. मिस्त्रींनी अक्षरांचा सगळा खोका तिच्या हातात दिला. ती नको नको म्हणाली, मग घेऊन गेली. त्या माणसाला उपयोग झाला का, हे मिस्त्रींनी कधी विचारलं नाही आणि तिनंही कळवलं नाही.

फ्रेमवाली मशीन परत न्यायला तयार नव्हती. “हात बसलाय तुमचा. पाच-सहा वर्षं कापणाऱ्यांची रेघ एवढी स्वच्छ येत नाही. सोडू नका.” तिनं पानाफुलांच्या आकृत्या दिल्या. मिस्त्रींनी दोन कापल्या. तिसरी अर्धी कापून मशीनवर तशीच राहिली आणि पात्याला गंज चढला.

पुढच्या महिन्यात बाईंना दुसरा झटका आला. या वेळी ‘बरं’ही गेलं. घरी आणलं ते कॉटवर, नाकात नळी घालून. डावा हात तेवढा हलायचा आणि तो सारखा नळीकडे जायचा. नळीची पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, “हाताला धरायला काहीतरी द्या, नाहीतर बांधून ठेवावा लागेल.” त्यांनी बँडेजची गुंडाळी करून मुठीत दिली. बाईंनी ती टाकून दिली. मुलीनं रबरी चेंडू आणला. तोही टाकला.

मिस्त्रींनी गॅलरीत जाऊन नवं पातं लावलं. त्यांनी आकृती काढली नाही, कागदही चिकटवला नाही. जाड लाकडाचा एक तुकडा घेतला आणि बाईंची मूठ डोळ्यांपुढे आणून, हात नेईल तसा फिरवत कापला. अर्धा दिवस घासला. कसलाच आकार नाही असा, अंड्याहून थोडा लांबट गोळा झाला.

“हे घे,” ते म्हणाले आणि तो मुठीत दिला. बाईंचा अंगठा त्यावरून फिरला. बोटं मिटली. नळीकडे जाणारा हात छातीवर टेकला.

संध्याकाळी मुलीनं ते बघितलं. “धरलंय तिनं,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “बाबा, आता बरं वाटेल का हो तिला?”

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “धरलंय एवढंच.”

झोप लागली की बाईंची मूठ सैल होते आणि गोळा कॉटखाली घरंगळतो. दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी. मिस्त्री गुडघ्यांवर बसून तो काढतात, सदऱ्याला पुसतात, कडेवरून एकदा बोट फिरवून बघतात आणि परत मुठीत देतात.