समुद्राकाठची तपासणी

डेस्मंडला आधी एक गाडी आवडली आणि मग मी. हे तो आमच्या लग्नाच्या जेवणात सगळ्यांसमोर बोलला होता. दोघांपुरती, बुटकी, बिनछपराची हिरवी गाडी. कारखान्याने तशा मोजक्याच काढल्या आणि मग कारखानाच बंद पडला. उरल्यासुरल्या आता श्रीमंतांच्या गॅरेजात झाकलेल्या असतात. आमच्यासारख्यांना त्या बघायलासुद्धा ओळख काढावी लागते.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने तशीच गाडी घरी बांधायला घेतली. असले वेडे आमच्या श्रॉपशर परगण्यात गावोगाव आहेत. सांगाडा एका छोट्या कंपनीकडून आला, फायबरचं अंग दुसरीकडून, इंजिन भंगारातल्या एका म्हाताऱ्या गाडीचं. खोकी उतरवून घेताना मी विचारलं, "गाडी मागवलीस की कपाट?"

"कपाटच. तुला कोंडून ठेवायला," तो म्हणाला.

गाडी होत आली आणि एका सकाळी चहा पिता पिता त्याला फिट आली. डोक्यात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी नाताळ दिसेल का यावर काही बोलायचं टाळलं, त्यावरून आम्ही काय ते समजलो. गाडी चालवायचा परवाना गेला. गाठीचं ऐकून न रडलेला माणूस परवाना पाकिटात घालून परत पाठवताना हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याने मला गाडीत बसवून माझे पाय मोजले. असली गाडी बांधणाऱ्याच्या अंगाला बेतलेली असते, शिंप्याने शिवलेल्या कोटासारखी. त्याच्या लांब तंगड्यांसाठी बसवलेली पेडलं त्याने उखडली आणि माझ्या आखूड पायांसाठी जवळ आणली.

"मी नाही हं चालवणार ही," मी म्हणाले.

"मग कोण? नेव्हिल? तो इतका हळू चालवतो की गोगलगायी हॉर्न देतात."

नेव्हिल म्हणजे गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबातला त्याचा जिवलग. त्याने स्वतः अशा तीन गाड्या बांधलेल्या. माणूस सोन्यासारखा, पण कुठे हात आवरावा ते न कळणारा.

घरी बांधलेली गाडी सरकारी तपासणीत पास झाल्याशिवाय रस्त्यावर काढता येत नाही. पास झाली तरी नंबर हाती पडायला कित्येक आठवडे, आणि तोवर गाडी गॅरेजात. कायदा एकच सवड देतो. तपासणीची वेळ ठरली असेल, तर तिथवर जायचं आणि परत यायचं. डेस्मंडजवळ आठवडे नव्हते. होती ती एवढीच सवड.

जवळचं केंद्र पाऊण तासावर. पठ्ठ्याने वेळ घेतली ती वेल्सच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी. डोंगर ओलांडून जायचं. मी कपाळावर हात मारला, पण नाही म्हणाले नाही.

आदल्या दिवशी दुपारी डेस्मंड झोपला असताना नेव्हिल गाडीवरून शेवटची नजर फिरवायला आला. तपासनीस उघडी टोकं खपवून घेत नाहीत. बोल्टच्या प्रत्येक टोकावर प्लास्टिकची टोपी लागते. नेव्हिल डॅशबोर्डखालून बाहेर आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"ग्लेनिस, दोन बोल्ट उघडेच आहेत गं. आपला डेस्मंड असं कधी विसरायचा नाही."

आजार आता आठवणीवर आला, असं मला वाटलं. "बसवून टाक," मी म्हणाले, "आणि त्याला सांगू नकोस. उगाच वाईट वाटेल." नेव्हिलने खिशातून दोन टोप्या काढून बसवल्या आणि डोळे पुसले.

सकाळी निघालो. वारा तोंडावर आपटत होता, इंजिन माझ्या बरगड्यांत घुमत होतं. चढावर मी गिअर बदलताना चुकले की डेस्मंड लहान पोरासारखा खिदळायचा. "दाब, दाब! ती म्हशीसारखी आहे, लाडाने नाही ऐकत!" मेंढ्या बिचकून पळाल्या. घाटमाथ्यावरून समुद्र दिसला तेव्हा त्याने टोपी काढली आणि टकलावर वारा घेतला. इतकी वर्षं मी त्या गाडीचा दुस्वास केला. त्या दिवशी नाही करता आला.

तपासनीस तरुण होता, नम्र होता. दुपारपर्यंत गाडी वरून, खालून, आतून बघितली. मग हसत बाहेर आला. "पहिल्या फेरीत पास फार कमी जण होतात, साहेब. अभिनंदन."

डेस्मंडचा चेहरा पांढरा पडला. तो काठी टेकत गाडीपाशी गेला, वाकला आणि डॅशबोर्डखाली बोटं फिरवत राहिला.

"टोप्या कुणी लावल्या?"

"नेव्हिलने. तू विसरला होतास."

"विसरलो नव्हतो गं." तो माझ्याकडे न बघता बोलला. "मी काढून ठेवल्या होत्या. नापास झालो असतो तर परत तपासणीला यावं लागलं असतं. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा. तेव्हा दुसऱ्या दोन काढल्या असत्या."

मी त्याचा हात धरला. त्याचं डोकं शाबूत होतं. अक्कल माझीच गेली होती. परत येताना मी शक्य तितकी हळू चालवली. मागची गाडी हॉर्न देत होती, देऊ दे म्हटलं. वाटेत डेस्मंड एवढंच म्हणाला, "नेव्हिलला कळू देऊ नकोस."

नेव्हिल फाटकाशीच उभा होता. माझ्या जिभेवर नको नको ते आलं होतं. पण डेस्मंडने आधीच अंगठा वर केला. "पास! पहिल्या फटक्यात!" नेव्हिलने त्याला मिठी मारली.

त्या गाडीत डेस्मंड पुन्हा बसला नाही. नंबर आला तेव्हा त्याला पुरून महिना होत आला होता. पाटी लावायला नेव्हिल आला, स्क्रू घट्ट केले आणि तिथेच गुडघ्यांवर बसून राहिला.

"ग्लेनिस, त्या दोन टोप्या मी लावल्या नसत्या तर बिचारा नापास होऊन गेला असता," तो म्हणाला. "निदान तेवढं तरी करता आलं मला त्याच्यासाठी."

"हो," मी म्हणाले. "तुझे फार उपकार झाले, नेव्हिल."