खंडेरावाची सावड

"माझ्या रानात कुनाला इचारून शिरला रं?" खंडेराव बांधावरून ओरडला तेव्हा त्याच्या गव्हात अर्धा गाव खुरपत होता. पौषातलं गार वारं अंगाला झोंबत होतं, पण आम्ही मुद्दामच माना वर केल्या नाहीत.

खंडेराव पलटणीतला माणूस. पहिल्या महायुद्धातल्या बसऱ्याच्या लढाईतून हातपाय शाबूत घेऊन निफाडकडे परतला, पण मन तिकडेच ठेवून आला. इतकी वर्षं लोटली, तरी कुठे बार उडाला की भुईवर पालथा पडायचा. दिवाळीपासून तर त्याचं बोलणंच तुटलं. परवा त्याची बायको लंकाबाई रडत आमच्या ओट्यावर आली.

"धनी इहिरीच्या काठाला बसून म्हनत्यात, आता सुटतो एकदाचा. म्या एकटी कुठवर राखू?"

राखण बसवावी तर गडी शिपाई, पहारा लगेच ओळखणार. तेव्हा त्याच्या बांधाला बांध असलेला जमील म्हणाला, "त्याला सावडीत धरा. कुनाची सावड बुडवून तो जायाचा नाय."

सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. पैसा नाही, पण बुडवली तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

"सावड हाय, खंडूभाऊ," जमील खुरपं न थांबवता म्हणाला. "उद्या माझ्याकडं यायचं."

"म्या बलावलं व्हतं का तुमाला?"

"मग गावाला फुकट राबवून घेतलं म्हन."

खंडेराव लालबुंद झाला. "उजाडता येतो!"

आणि आला. जमीलकडे झालं, मग आमच्याकडे, मग म्हाताऱ्या सगुणाबाईच्या कांदेलावणीला. तिथे त्याने रोपं अशी ओळीत लावली की सगुणाबाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिली.

"आरं खंड्या, कांदं हाईत ते! कवायत घ्यायची हाय व्हय त्यांची?"

सगळे हसले. खंडेरावही हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. मग भाकरी हातात तशीच धरून तो तिकडे मेलेल्या सोबत्यांविषयी बोलत राहिला. त्या दिवशी लावणी अर्धीच झाली.

होता होता त्याने सगळ्यांची सावड फेडली, आता त्याला धरून ठेवायला काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा त्याच्या रानात शिरायचं ठरवून निघालो, तर लंकाबाई दारात.

"धनी घरात नाईत!"

आम्ही विहिरीकडे धूम ठोकली. काठावर कुणी नव्हतं. जमीलने आत डोकावलं. पाणी शांत होतं.

तेवढ्यात पलीकडून खुरप्याचा आवाज आला. जमीलच्या वाफ्यात, न बोलावता, खंडेराव खुरपत बसला होता.

"आरं, कशापायी जीव घेतो आमचा?" जमील ओरडला.

खंडेरावाने मान वर केली नाही. "मला येडा समजता व्हय? हे जादा काम करून ठिवतोय. आता सावड तुमच्यावर हाय. ती घेतल्याबिगर म्या कुठं जात नाय."

जमील धपकन बांधावर बसला आणि डोळे पुशीत त्याला शिव्या देऊ लागला.