तख्तावरचा ठेका

“ये सुनिए, हेलिकॉप्टर सीधा सिर के ऊपर से जाएगा,” दुकानदार स्पीकरवर थाप मारत म्हणाला.

“हेलिकॉप्टर आमच्या घरी येत नाही, भैया,” बाबा म्हणाले आणि त्यांनी खिशातून कॅसेट काढली. “हे लावा.”

रायपूर राजधानी झाल्यापासून बूढापाऱ्यातल्या दुकानांत अशा वस्तू येऊ लागल्या होत्या. समोर स्पीकरची जोडी उभी होती, प्रत्येक माझ्या छातीएवढा उंच. खालच्या भागात खर्जासाठी सबवूफर आणि त्याचा स्वतःचा अॅम्प्लिफायर, म्हणून विजेची वेगळी वायर. हे मॉडेल मीच सुचवलं होतं. शेजारच्या लहान स्पीकरमधून गाण्याचे शब्द जास्त स्वच्छ येत होते, पण शब्द आईला पाठच होते. तिला ढोलकी हवी होती.

आई विहारात भीमगीतं गायची आणि बाबा ढोलकी वाजवायचे. तिचे कान मंदावत गेले. गेल्या वर्षी चौदा एप्रिलला ती ठेक्याच्या आधीच सुरू झाली, दुसऱ्या कडव्यात पुन्हा सुटली आणि बायका एकमेकींकडे बघू लागल्यावर मधेच खाली बसली. तेव्हापासून गाणं बंद. विचारलं की म्हणायची, घसा बसला. कानातलं मशीन डब्यात पडून होतं, कारण त्यात भांडी किंचाळायची. पण भिंतीला पाठ टेकून बसलेली असली, की क्वार्टरमागून येणारी मालगाडी तिला आमच्याआधी कळायची. त्यावरून मला वाटलं होतं, की खर्जातला ठेका कानाला नाही तरी अंगाला कळेल.

कॅसेट सुरू झाली. तिचाच जुना आवाज, बाबांची ढोलकी. मी सबवूफरचं बटण फिरवत गेले. काउंटरची काच थरथरली.

“कळून राहिलं का, भीमा?” बाबांनी तिच्या कानाशी वाकून विचारलं.

आईनं मान हलवली. “नुसता गलका होऊन राहिला. काहून घेता जी? पोट्टीनं पुस्तकात वाचलं अन् तुम्ही निघाले.”

“मले आयकाचं आहे. माह्यासाठी घेतो मी.”

खोटं बोलताना बाबा नेहमी छताकडे बघतात.

घरी मी स्पीकरच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे जमिनीवर खुणा करून ठेवल्या होत्या. स्पीकर टणक, सपाट जागी ठेवायचे, भिंतीपासून हातभर लांब. मी वायर सोडवत होते, तोवर बाबांनी आणि ठेलेवाल्यानं दोन्ही स्पीकर उचलून झोपायच्या लाकडी तख्तावर चढवले.

“बाबा, नीचे रखना है. तख्त पे गूँजेगा.”

“अन् पावसात नालीचं पाणी घरात घुसते तवा?”

आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांत कपाटं विटांवर उभी असतात आणि किमती वस्तू तख्तावर. त्यापुढे पुस्तिका काय करणार? मी वायरी जोडल्या.

आई तख्ताच्या दुसऱ्या टोकाला मेथी निवडत होती. बाबांनी कॅसेट लावली. मी म्हटलं तसंच झालं. आवाज घुमला, ठेका जाडसर होऊन पसरला, तख्ताच्या फळ्या थरथरू लागल्या. मी बंद करायला उठले.

“राहू दे,” आई म्हणाली.

तिचा हात मेथीवरून निघून फळीवर टेकला होता. थोड्या वेळानं पायाचा अंगठा हलू लागला, नेमका समेवर. धृपद आलं तेव्हा तिनं तोंड उघडलं. वर्षभर न वापरलेला आवाज खरखरत बाहेर आला. पण ठेका एकदाही सुटला नाही.

“घसा बरा झाला वाटते,” बाबा म्हणाले. तिला ते ऐकू आलं नाही.

कॅसेट संपल्यावर त्यांनी खुंटीवरची ढोलकी काढली, दोन स्पीकरच्या मधे मांडी घातली आणि ढोलकी मांडीवर न घेता सरळ फळीवर ठेवली. पहिली थाप पडली. आई डोळे मिटून बसली होती. तिनं बरोबर जागेवर सुरुवात केली.

चौदा एप्रिलला स्पीकर घरीच राहिले, विटांवर. बाबा आणि शेजारचे श्यामराव काका तख्त उचलून विहाराकडे निघाले.

“काहून हरिदास, लोक बसतील कुठं तं तुम्ही झोपाले चालले?” कोणीतरी बाबांना विचारलं.

“झोपाले नाही जी. गाणारीण आहे ना माह्याकडे.”

आई पांढरी साडी नेसून शेजारून चालत होती, एक हात तख्ताच्या कडेवर ठेवून.