हा घास चिऊचा

"आई, चमचा तोंडाला लावलाय. म्हण तू."

फिलोमिनाबाईंनी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवला. पडद्यावर सुरकुतलेला गोरा चेहरा होता, ओठ गच्च मिटलेले.

"हा घास चिऊचा. आ कर, बाळा."

शहाऐंशी वर्षांच्या रॉबिनसाहेबानं आ केला. इकडे भिंगारच्या खोलीत फिलोमिनाबाईंनी आपल्या भाकरीचा तुकडा मोडला.

त्यांची लेक एस्तेर इंग्लंडात वृद्धाश्रमात नोकरीला होती. हा साहेब जन्मला भिंगारच्या छावणीत आणि आठव्या वर्षी आईबापांबरोबर बोटीत बसून गेला. म्हातारपणी इंग्रजी विसरला. आयानं भरवताना कानावर पडलेलं मराठी तेवढं उरलं. एस्तेरनं एकदा सहज आईला फोनवर बोलायला लावलं, तर उपाशी बसलेल्या साहेबानं वाटीभर सूप संपवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला फोन.

शेजारच्या छबूबाईला याचं हसू यायचं. "राज्य जाऊन किती वर्सं झाली, अन् तू अजून साहेबाला भरवतीस व्हय गं?"

"माझी आजी छावणीत साहेबांच्या पोरांना पगार घेऊन भरवायची. मी फुकाट भरवते. खुळी मीच न्हाई का?"

पण खरं कारण वेगळंच होतं. पूर्वी एस्तेरचा फोन रविवारी यायचा, तोही "ठेवते आई, ड्युटी आहे" एवढ्यापुरता. आता रोज वीस मिनिटं लेकीचा चमचा धरलेला हात तरी दिसायचा. प्रार्थनेत फिलोमिनाबाई साहेबाला शंभर वर्षांचं आयुष्य मागायच्या. ते आपण कुणासाठी मागतोय हे देवाला कळतंच, म्हणून मनातून ओशाळायच्या.

मंगळवारी फोन दुपारीच आला.

"आई, साहेब गेले. पहाटे, झोपेतच."

"काल जेवले हुते ना गं?"

"पोटभर. तूच भरवलंस की."

"मग आज पाचला...?"

पलीकडे कुणीतरी बेल वाजवत होतं. "आता पाचला कशाला, आई? मला दुसरीकडं टाकलंय. रविवारी करते ना."

पाच वाजता फिलोमिनाबाईंनी ताट वाढून घेतलं. सवयीनं मोबाईल तांब्याला टेकवला. पडदा काळा होता आणि त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता. भाकरीचा तुकडा मोडला, पण हात काही तोंडाकडे जाईना.

"हा घास चिऊचा," शेवटी त्या हळूच म्हणाल्या, आणि आ केला.